ल्युसिड ड्रीम मुद्दाम पाडायचं तंत्र: कुणी खरंच करून पाहिलंय का?

सड्यावरून · ११ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला, काम घरून. आंब्याचा सीझन आटोपला, शेवटच्या पेट्या गेल्या, बागेतली राखण संपली. आता पावसाळाभर रात्री आपल्या हातात आहेत, म्हणून हा धागा.

स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे स्वप्न आहे' असं कळणं आणि कळूनही जाग न येणं, हा विषय. लहानपणी मला हे आपोआप झालेलं आठवतं. विहिरीवरून उडत चाललो होतो आणि उडता उडता हसू येत होतं, की हे काही खरं नाही. आता म्हणतात हे मुद्दाम करता येतं. यूट्यूबवर बघावं तर जो तो 'पहिल्याच रात्री गॅरंटी'वाला. रिॲलिटी चेक (आपण जागे आहोत की स्वप्नात, हे तपासणं), माइल्ड, वाइल्ड, नावंच नावं. दिवसभर हाताची बोटं मोजतोय म्हणून बायकोला शंका यायला लागलीय.

तुमच्यापैकी कुणी स्वतः केलंय? कशाने जमलं, आणि कशात नुसता वेळ गेला? 'ध्यान करा, सगळं होईल' असले प्रतिसाद कृपया नकोत.

जुना जाणता · १२ जून, सकाळी ६:१०

झोप ही झोपण्यासाठी असते. साठी उलटल्यावर सलग पाच तास डोळा लागला तरी गणपतीला नारळ ठेवावासा वाटतो, आणि तुम्ही धडधाकट झोप मोडायला निघालात. असो. रत्नागिरीत पाऊस लागलाय, दुसरा उद्योग नाही. वाचतोय.

मालवणी खाजा · १२ जून, सकाळी ८:३५

माका रोज स्वप्नां पडतत, पण सगळी परीक्षेची. पन्नाशी इली तरी गणिताचो पेपर कोरोच. तेच्यात जर माका कळला की ह्यां स्वप्न आसा, तर मी आधी सुपरवायझराक चाय पाजीन. लिवा पुढे, वाचतंय.

रेवदंडा · १२ जून, दुपारी २:१८

सड्यावरून, कॉलेजात होतो तेव्हापासून या नादाला लागलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

यूट्यूबवाले जिथून सुरुवात करतात (बोटं मोजा, नाक दाबा) तिथून करू नका. पहिली अट स्वप्न आठवण्याची. ज्याला सकाळी एकही स्वप्न आठवत नाही, त्याला रात्री ल्युसिड पडून गेलं तरी पत्ता लागायचा नाही. उशाशी वही-पेन्सिल ठेवा. जाग आली की हलू नका, कूससुद्धा बदलू नका. शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा, मग लिहा. तुटक शब्द चालतात: 'काकी, एसटी, पाणी, चप्पल हरवली.' मोबाइलवर लिहू नका. स्क्रीन पेटली की हात व्हॉट्सॲपवर जातो आणि स्वप्न गेलंच म्हणून समजा.

मग वेळ. रात्रभरात झोपेची चार-पाच आवर्तनं होतात, साधारण दीड-दीड तासाची. प्रत्येकाच्या शेवटी रेम झोप येते. डोळे पापण्यांखाली भिरभिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात ती तेव्हा. पहिल्या आवर्तनात ती जेमतेम काही मिनिटं असते, पहाटेच्या आवर्तनात अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे रात्री अकराला अंथरुणावर पडताना केलेला संकल्प कामी यायची वेळ पहाटे चारनंतर. तोवर कुणाच्या लक्षात राहतोय! म्हणून साधारण पाच तास झोपून उठायचं, काही वेळ जागं राहायचं आणि परत झोपायचं. 'वेक बॅक टू बेड' म्हणतात ते हेच.

परत झोपताना काय करायचं, तर माइल्ड. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतःवरच प्रयोग करून १९८० साली हे तंत्र मांडलं. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं. त्यातली एखादी चमत्कारिक गोष्ट पकडायची. मी पुन्हा त्याच स्वप्नात आहे, ती गोष्ट समोर आली आणि मला कळलं, असं डोळ्यांपुढे आणायचं. सोबत मनाशी ठरवायचं, 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे.' ही जपमाळ नव्हे. बाजारात निघताना 'येताना दूध आणायचं' असं मनाला बजावतो आणि डेअरी दिसली की ते आठवतं. पुढची गोष्ट योग्य जागी आठवण्याची ही जी शक्ती आहे, तिलाच कामाला लावायचं.

ही तीन जमली तर बाकीची नुसती सजावट.

सड्यावरून · १२ जून, रात्री ९:४०

वा, हे कामाचं. पण मग रिॲलिटी चेकचा एवढा गाजावाजा का? मी तर दिवसातून सारखं नाक दाबून बघतोय.

रेवदंडा · १२ जून, रात्री ११:०५

कारण सांगायला सोपं आणि व्हिडिओत छान दिसतं. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो, कारण खरं नाक मोकळं असतं. पाटी वाचायची, नजर फिरवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात. दिव्याचं बटण दाबायचं. स्वप्नात ते बहुतेकदा काम करत नाही. युक्त्या उत्तमच आहेत, पण ओळख पटवायला, स्वप्नात शिरायला नव्हे.

डेनहोम ॲस्पी या ऑस्ट्रेलियन संशोधकाचा २०१७चा अभ्यास आहे, १६९ जणांवर केलेला. नुसत्या रिॲलिटी चेकने आठवड्याभरात म्हणावा असा फरक पडला नाही. चेक, मध्ये उठणं आणि माइल्ड असं तिन्ही करणाऱ्या गटाला १७ टक्के रात्री यश आलं. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच आहे. माइल्ड केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हा आकडा ४६ टक्क्यांवर गेला. म्हणजे संकल्प आणि झोप यांच्यात अंतर पडता कामा नये.

मालवणी खाजा · १३ जून, सकाळी ७:५०

दिव्याच्या बटणाची परीक्षा कोकणात चलाची नाय हां. आमच्याकडे जून-जुलयत बटण दाबल्यावर दिवो पेटलो, तर तां स्वप्न.

पन्हं · १३ जून, दुपारी ४:२२

😀 खाजा, अगदी. गुहागरात कालपासून लाइट नाहीत, फोन शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर चार्ज केलाय.

माझा अनुभव लिहिते. मी शाळेत शिकवते, उन्हाळी सुट्टीत हे सुरू केलं होतं. रेवदंडा म्हणतात तसं, आधी वही. वही भरत गेल्यावर लक्षात आलं की माझी स्वप्नं काही गोष्टी पुन्हा पुन्हा वापरतात. चिपळूणचा एसटी स्टँड! माझ्या स्वप्नात तो कायम समुद्रकाठी असतो. फलाटामागे लाटा, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. आता चिपळूणला कुठला आलाय समुद्र? पण स्वप्नात मी लाटांकडे पाठ करून गुहागर गाडीची चौकशी करत उभी.

मग माइल्ड करताना मी हेच धरलं. पहाटे उठायचं, पाणी प्यायचं, वहीतलं जुनं पान वाचायचं, आणि आडवं होऊन तो स्टँड डोळ्यांपुढे आणायचा. लाटा दिसल्या की म्हणायचं, 'हे स्वप्न.' काही दिवस काहीही झालं नाही. मग एका पहाटे स्टँड नव्हताच, दाभोळची फेरी होती. धोपाव्याहून चढले आणि बोट वाशिष्ठीतून सरळ डोंगरावर चढायला लागली. तिथे कुठूनसं आलं डोक्यात: स्टँडसारखंच आहे हे. आणि कळलं. पाण्याचा रंग एकदम इतका स्पष्ट झाला, की मी रेलिंगला धरून नुसती बघत राहिले.

पुरुष मंडळी उडण्याबद्दल फार बोलतात, म्हणून मुद्दाम सांगते. मी काहीही 'केलं' नाही आणि तरी ते पुरेसं होतं.

सड्यावरून · १३ जून, रात्री १०:१५

पन्हंताई, हे भारी आहे. माझ्या वहीत अजून तरी सलग असं काही दिसत नाही. कलमं आणि माकडं सोडून.

पन्हं · १३ जून, रात्री १०:३१

मग माकडंच धरा की!

मालवणी खाजा · १३ जून, रात्री १०:४४

नको नको. बागेत खरोखरचे माकड इले आणि हो माणूस 'ह्यां स्वप्न' म्हणान झोपून रवलो तर पुढच्या सीझनक पेट्ये खंयसून?

भरतीओहोटी · १५ जून, दुपारी १:०३

मी हर्णैचा. धागा वाचून एक गोष्ट डोक्यात पेटली.

बाबा मासेमारी करतात. आयुष्यभर पहाटे तीनच्या आसपास उठून बंदरावर जायची सवय. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या वर ओढलेल्या, तरी तीनला जाग येतेच. उठतात, पाऊस बघतात, चूळ भरतात, आईच्या शिव्या खातात आणि परत झोपतात. आमच्याकडे बाबांच्या 'पावसाळी स्वप्नां'ची खास थट्टा चालते. एरवी वर्षभर माणूस स्वप्नाचं नाव काढत नाही, आणि या दोन महिन्यांत रोज चहाबरोबर लांबलचक स्टोरी. सुरमईशी गप्पा मारल्या, वगैरे. आम्ही समजायचो की काम नाही म्हणून डोकं भरकटतंय. आता कळतंय, ते दरवर्षी रेवदंडा सांगतात तेच करतायत. लवकर झोपून, मध्ये उठून, रेम झोपेच्या ऐन मोसमात परत झोपणं!

काल सहज विचारलं, स्वप्नात कधी कळतं का की हे स्वप्न आहे? म्हणाले, "कळतं की. जाळं हलकं लागलं की कळतं." आणि पुढे पेपर वाचायला लागले.

रेवदंडा · १५ जून, दुपारी ३:४०

'जाळं हलकं लागलं की कळतं.' याच्यावर माझ्या सगळ्या वह्या ओवाळून टाकतो.

एक भर घालतो. आमच्या एका सावंतवाडीच्या मित्राला ल्युसिड पडतात ती फक्त थंडीत, जत्रांच्या दिवसांत. रात्रभर दशावतार बघून पहाटे घरी येतो, आंघोळ न करता झोपतो (वहिनींचा आक्षेप वेगळा), आणि सकाळी सात ते दहा धो धो स्वप्नं. रेमचा जोर शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटे-सकाळीच असतो. त्यामुळे तेव्हा झोपणारा माणूस लवकरच रेममध्ये शिरतो. त्यात रात्रभर डोळ्यांसमोर राक्षस आणि संकासूर नाचलेले. तंत्र म्हणून याची शिफारस नाही, दुसऱ्या दिवशी माणूस कामाचा राहत नाही.

कोकम सोडा · १६ जून, रात्री १:४७

मी वाइल्ड ट्राय केलं. म्हणजे जागेपणातून थेट स्वप्नात, शुद्ध न हरपता. चारला अलार्म लावला, पाठीवर झोपलो, अजिबात हलायचं नाही, श्वास मोजायचे. आधी डोळ्यांपुढे रंगाचे ठिपके आले, मग कानात सुं सुं आवाज, लोकल जवळून गेल्यासारखा. आणि मग एकदम हलताच येईना. डोळे उघडे, रूम दिसतेय, रूममेट घोरतोय आणि दाराशी कुणीतरी उभं. छातीवर दाब. ओरडायचं होतं, आवाज नाही.

घरी फोन केला तर आजी म्हणाली खवीस आहे, हॉस्टेलची खोली बदल, आणि लिंबू पाठवतेय. मी आता दिवा लावून झोपतोय. हे डेंजरस आहे का?? सिरियसली विचारतोय.

मालवणी खाजा · १६ जून, सकाळी ७:१२

पोरा, आजयेच्या लिंबवाक नाय म्हणू नको. ठेव उशाक. बाकीचा डॉक्टर सांगतीत.

वाडीचा डॉक्टर · १६ जून, सकाळी ९:२६

कोकम सोडा, घाबरू नकोस. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, आपण स्वप्नातली मारामारी अंथरुणात करू नये म्हणून. कधी कधी शुद्ध आधी येते आणि स्नायूंवरची ती पकड काही क्षण मागे रेंगाळते. स्वप्नाचे तुकडेही उघड्या डोळ्यांपुढे तरंगत राहतात, म्हणून दारातला माणूस. साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी हा अनुभव येतो. त्यातल्या निम्म्यांनी तरी तो भुताच्या खात्यावर जमा केलेला असतो, असा माझा ओपीडीतला अंदाज.

श्वास चालूच असतो, तो थांबत नाही. जोर लावून उठू नकोस, एखादं बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न कर, नाहीतर नुसतं वाट बघ. पाठीवर झोपल्याने आणि अपुऱ्या झोपेने हे जास्त होतं, आणि तू नेमकं दोन्ही केलंस. तुझा प्रतिसाद रात्री १:४७चा आहे, हेही मला दिसतंय. आधी आठवडाभर वेळेवर झोप. वारंवार होऊ लागलं किंवा दिवसा अचानक झोपेचे झटके येऊ लागले, तर डॉक्टरला दाखव.

आणि खोली बदलायची गरज नाही. आजीला सांग, लिंबू पोचलं, आता बरं आहे.

कोकम सोडा · १६ जून, सकाळी ९:५८

थँक्यू डॉक्टर 🙏 खूप बरं वाटलं. एक विचारू? ऑनलाइन गॅलँटामिन नावाची गोळी दिसतेय, ल्युसिड ड्रीमसाठी. मागवू का?

वाडीचा डॉक्टर · १६ जून, दुपारी १:१५

नाही.

थोडं सविस्तर, कारण आता इतरही शोधतील. गॅलँटामिन हे अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते औषध. मेंदूतलं ॲसिटिलकोलीन टिकवून ठेवतं आणि रेम झोप त्यावर चालते, म्हणून परिणाम होतो हे खरं. २०१८ साली लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी १२१ जणांवर केलेला अभ्यास आहे: औषध नसलेल्या गोळीवर १४ टक्क्यांना, ४ मिलिग्रॅमवर २७ टक्क्यांना आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्क्यांना ल्युसिड स्वप्न पडलं. पण हे लोक मध्ये उठून माइल्डही करत होते, नुसती गोळी गिळून झोपले नव्हते. आणि या औषधाने मळमळ, उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावू शकतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. गंमत म्हणून, चिठ्ठीशिवाय, पार्सलने मागवायची ही वस्तू नाही. याच कारणासाठी बी-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोसही नकोत. दीर्घकाळ घेतले तर नसांना इजा होते.

ज्यांना मनाचे काही गंभीर आजार आहेत किंवा होऊन गेलेत, विशेषतः भास होणं, त्यांनी स्वप्न-वास्तवाची सीमा पुसट करणारे हे प्रयोग करू नयेत, असं माझं मत. बाकीच्यांनी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री, तेही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा.

जुना जाणता · १७ जून, सकाळी ६:०५

डॉक्टरसाहेब नेमकं बोलले. आता माझी एक शंका, कुत्सितपणे नाही. या सगळ्याला पुरावा काय? सकाळी उठून माणूस म्हणतो, मला स्वप्नात कळलं होतं. कशावरून? आपल्याला जागं असल्याचं स्वप्न पडलं, एवढंच नसेल कशावरून? आणि जागृती, स्वप्न, सुषुप्ती हे मांडूक्य उपनिषदात कधीच येऊन गेलंय, यात साहेबाने नवीन काय शोधलं?

रेवदंडा · १७ जून, सकाळी ११:३०

काका, अगदी हीच शंका शास्त्रज्ञांनाही होती, आणि तिचं उत्तर फार देखणं आहे.

रेम झोपेत बहुतेक सगळे स्नायू सैल, पण डोळ्यांचे नाहीत. मग स्वप्नात जाग आली की ठरवून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, आधी ठरलेल्या संख्येने. स्वप्नातले डोळे फिरले की खरे डोळेही फिरतात आणि यंत्रावर नोंद उमटते. मेंदूचा आलेख सांगतो की माणूस रेम झोपेत आहे, आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांतून ठरलेली खूण येते. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये ॲलन वॉर्सली या स्वयंसेवकाकडून अशी पहिली खूण मिळवली. लाबर्जनी स्टॅनफर्डमध्ये स्वतंत्रपणे हेच केलं, १९८१ साली प्रसिद्ध केलं, आणि मग जग मानायला लागलं.

त्यापुढची गंमत २०२१ची. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स अशा चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारले. 'आठातून सहा गेले किती?' माणूस झोपेत, आणि डोळ्यांच्या हालचालींनी उत्तर येतं: दोन. दरवेळी नाही बरं का. १५८ वेळा विचारलं, त्यात १८ टक्के वेळा बरोबर उत्तर आलं, ६० टक्क्यांहून जास्त वेळा काहीच नाही. काहींनी नंतर सांगितलं की प्रश्न स्वप्नातल्या रेडिओवरून आल्यासारखा ऐकू आला.

मांडूक्याबद्दल: अवस्था सांगितल्यात, कृती नाही. कृतीच हवी तर तिबेटी बौद्धांकडे आहे. नारोपांच्या सहा योगांपैकी एक स्वप्नयोग, त्यात स्वप्न ओळखणं ही पहिली पायरी मानतात.

जुना जाणता · १७ जून, संध्याकाळी ७:२०

झोपेत वजाबाकी. आमच्या नातवाला जागेपणी येत नाही.

डोळ्यांचा पुरावा पटला. तुमच्या त्या 'दूध आणायचं' वरून तुकोबा आठवले. बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नात अनुग्रह दिला. तुकोबाच सांगतात की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि त्याचा स्वप्नात विसर पडला. इतका मोठा प्रसंग, आणि तूप द्यायचं राहून गेल्याची रुखरुख. स्वप्नात ठरवलेलं का आठवत नाही, यावर तुमच्या शास्त्रात काही आहे?

रेवदंडा · १७ जून, रात्री ८:०२

काका, दंडवत. रेम झोपेत कपाळामागचा भाग, जिथे ठरवणं, तपासणं, लक्षात ठेवणं चालतं, तो मंदावलेला असतो. म्हणून डोंगरावर चढणारी बोट खटकत नाही आणि तूप राहून जातं. माइल्डचा सगळा आटापिटा त्या भागाला अर्धवट जागं ठेवण्यासाठी आहे.

मालवणी खाजा · २० जून, सकाळी ८:०५

मंडळी, मी पण केलंय. तेंचा ता संकल्पाचा पुस्तकी वाक्य माझ्या तोंडात बसाना. म्हणान मी आपला गाऱ्हाणा घातलंय. चार वाजता उठान, खळ्यात पाय धुवन, खाटीर पडान मनातल्या मनात:

बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराक परत झोप लागताहा. तेका पहाटेच्या स्वप्नात 'ह्यां स्वप्न आसा' ह्याची याद करून दी रे म्हाराजा! पेपर कोरो असलो तरी भिया नको, ह्यां तेका कळांदे रे म्हाराजा!

आणि 'होय म्हाराजा' म्हणूक कोण नाय, म्हणान तां पण मीच. बायल जागी झाली आणि इचारता, कोणाक होय म्हणतंस?

फळ: पेपर इलो नाय. शाळा इली, वर्गात कोण नाय, फळ्यार माझाच नाव. थंय वाटला, काय तरी गडबड आसा. इतक्यात कोंबडो आरावलो.

रेवदंडा · २० जून, सकाळी ९:१४

खाजा, चेष्टा नाही, हे पुस्तकातल्या वाक्यापेक्षा सरस आहे. गाऱ्हाण्यात आपण परिस्थिती सांगतो, काय व्हायला हवं ते सांगतो आणि वर होकार घेतो. बिनभावनेने घोकलेलं 'मी स्वप्न ओळखेन' दोन मिनिटांत यांत्रिक होतं. 'काय तरी गडबड आसा' हीच उंबरठ्याची खूण. चालू ठेवा.

सड्यावरून · ५ जुलै, सकाळी ७:३३

झालं!! लिहितोय लगेच.

पहाटे उठलो, खिडकीतून पाऊस बघत थोडा वेळ बसलो, वही चाळली. मग परत पडून माइल्ड. स्वप्नात मी बागेत, कलमांना मोहोर आणि पायाखाली पावसाचं पाणी. मोहोर आणि पाऊस एकत्र! खटकलं. नाक दाबलं, श्वास आला. एवढा आनंद झाला की ओरडलो, आणि तत्क्षणी बिछान्यात. सगळं मिळून काही सेकंद. आता हे टिकवायचं कसं?

पन्हं · ५ जुलै, सकाळी ८:४०

अभिनंदन! ओरडू नका, हेच. मी रेलिंग धरलं होतं म्हणून टिकलं असावं. काहीतरी हाताला लागलेलं असू द्या.

रेवदंडा · ५ जुलै, सकाळी १०:२०

अभिनंदन! ताई बरोबर बोलल्या. दृश्य विरायला लागलं की स्वप्नातले दोन्ही हात एकमेकांवर चोळा. लाबर्जनी हे पडताळून पाहिलं होतं; हात चोळल्याने आणि जागच्या जागी गिरकी घेतल्याने स्वप्न लांबतं. स्वप्नातल्या स्पर्शाकडे मेंदू गुंतला की खऱ्या अंगाची, गादीची जाणीव मागे पडते, असं त्यामागचं स्पष्टीकरण. एकाच वस्तूकडे टक लावून बघू नका, माझ्या अनुभवात दृश्य तिथूनच फाटतं. आणि जाग आली असं वाटलं तरी एकदा नाक दाबून बघा. पुष्कळदा ती खोटी जाग असते. स्वप्नातच उठून वहीत स्वप्न लिहून काढल्याचं दुःख मला चांगलं ठाऊक आहे.

कोकम सोडा · ६ जुलै, रात्री १०:०९

(वेळ बघा डॉक्टर, रात्रीचे दहा 😇) ज्यांना माइल्डमधली कल्पना करणं जमत नाही त्यांच्यासाठी: मी आता एसएसआयएलडी करतोय. मध्ये उठून परत पडल्यावर मिटल्या डोळ्यांमागे काय दिसतंय त्याकडे लक्ष द्यायचं, मग कानाला काय येतंय, मग अंगाला काय जाणवतंय. आधी हे भराभर चार-पाच वेळा, मग सावकाश. आणि मग सोडून देऊन आपल्या नेहमीच्या कुशीवर झोपायचं. वाइल्डसारखं मुडद्यासारखं पडून राहायची भानगड नाही. ॲस्पींच्याच २०२०च्या अभ्यासात, ३५५ जणांवरच्या, हे माइल्डच्या तोडीस तोड निघालं. मला अजून पूर्ण ल्युसिड नाही, पण स्वप्नं एकदम एचडी. दारातला माणूस परत आलेला नाही. लिंबू सुकलंय, तरी ठेवलंय.

भरतीओहोटी · २ ऑगस्ट, रात्री ८:५०

बंदी उठली, बाबा कालपासून समुद्रावर. स्वप्नांच्या स्टोऱ्या बंद. आई म्हणते, सुटलो.

सड्यावरून · ९ ऑगस्ट, सकाळी ९:०२

अपडेट. हात चोळण्याने फरक पडतो. आता थोडा वेळ राहता येतं. दर वेळी जमत नाही, आणि रात्री उशिरा जेवलो किंवा दमलेलो असलो तर मध्ये उठणं फुकट जातं, झोपही बिघडते. त्यामुळे डॉक्टरांचं ऐकून फक्त शनिवारी. उडण्याचा मात्र पोपट झाला. स्वप्नात ठरवून उडी मारली आणि आरामात खाली आलो, खऱ्यासारखा.

एक व्यवहारी अडचण: अलार्मने घर उठतं. फोन उशीखाली व्हायब्रेटवर ठेवला तर लाकडी पलंग गुणगुणतो आणि बायको आधी उठते, मी नंतर. कुणी काय करतं?

पन्हं · ९ ऑगस्ट, दुपारी १२:४५

मनगटावर बांधायचा साधा फिटनेस बँड घ्या. अलार्म फक्त तुमच्या हातावर थरथरतो, शेजारच्याला पत्ता नाही. उडण्याचं म्हणाल, तर उडी मारू नका. एखाद्या उंच जागेवरून टेकून पुढे झुका.

जुना जाणता · ९ ऑगस्ट, दुपारी ३:१०

बँडची काही गरज नाही. झोपताना तांब्याभर पाणी प्या. आमच्या वयाला तेवढंही लागत नाही.